तीन पेन्सांत माणसाचे माप

लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन भागात १८८४ साली आरोग्य या विषयावर एक मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. अन्न, वस्त्र, घर, शाळा, कारखाने असे सगळे विषय त्यात मांडलेले होते आणि माणसांची रीघ लागलेली होती. त्या गर्दीत एका बाजूला छत्तीस फूट लांब आणि जेमतेम सहा फूट रुंद अशी चिंचोळी जागा जाळीच्या कुडाने आखून घेतलेली होती. आत काय चालले आहे ते बाहेरच्यांना दिसावे आणि त्यांनाही आत यायचा मोह व्हावा, म्हणून मुद्दाम जाळी. दारात तीन पेन्स द्यायचे, एका टोकाने आत शिरायचे आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचे. मधल्या वेळात तुमची उंची, वजन, पसरलेल्या हातांची लांबी, श्वासाची ताकद, मुठीचा जोर, नजर, कान, रंगांची पारख, ठोसा मारण्याचा वेग अशी सतरा मापे घेतली जात. बाहेर पडताना मापांचा कागद हाती मिळे आणि त्याची एक नक्कल प्रयोगशाळेत राही. प्रदर्शन संपले तेव्हा ९,३३७ माणसांच्या नोंदी जमा झाल्या होत्या.

लोकांनी पैसे देऊन स्वतःला मोजून घ्यावे, ही युक्ती ज्याच्या डोक्यातून निघाली त्याचे नाव फ्रान्सिस गॉल्टन. हवामानाचा नकाशा, बोटांच्या ठशांचे शास्त्र, संख्याशास्त्रातील सहसंबंध अशा कितीतरी गोष्टींशी हे नाव जोडलेले आहे. विसाव्या शतकातल्या एका भयंकर कल्पनेशीही ते तितकेच घट्ट जोडलेले आहे. मानसशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. वर्गात गॉल्टन दर वर्षी भेटायचा, तो पुस्तकातल्या दोन परिच्छेदांपुरता. अलीकडे तो आमच्या घरातच अवतरला आणि मला त्याचे सगळे चरित्र पुन्हा उलगडून बघावेसे वाटले. घरात तो कसा अवतरला ते पुढे सांगते. आधी त्याची ओळख करून घेऊ.

हुशार मुलगा

गॉल्टनचा जन्म १६ फेब्रुवारी १८२२ रोजी बर्मिंगहॅमजवळ झाला. घराणे बंदुका बनवणाऱ्यांचे आणि पुढे पेढीवाल्यांचे. पैशाला तोटा नव्हता. आईचे वडील इरॅस्मस डार्विन, म्हणजे उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विनचे आजोबा. चार्ल्स हा त्याचा तेरा वर्षांनी मोठा सावत्र मामेभाऊ म्हणा ना! फ्रान्सिस भावंडांत सर्वांत धाकटा. थोरली बहीण अ‍ॅडेल पाठीच्या दुखण्याने बराच वेळ अंथरुणावर असे. तिने या धाकट्याला शिकवायचे मनावर घेतले आणि अडीच वर्षांचे पोर वाचायला लागले.

पाचवा वाढदिवस एक दिवसावर आला असताना त्याने बहिणीला एक चिठ्ठी लिहिली. आपल्याला कोणतेही इंग्रजी पुस्तक वाचता येते, लॅटिन शब्द आणि काही कविता येतात, कोणतीही बेरीज जमते, घड्याळ कळते, अशी ती यादी होती. पाढ्यांच्या बाबतीत मात्र एक गंमत झाली. दोनपासून अकरापर्यंत त्याने आकडे लिहिले खरे, पण मग बहुधा मन खाऊ लागले. नऊचा आकडा त्याने चाकूने खरवडून काढला आणि अकराच्या आकड्यावर कागदाचा तुकडा चिकटवला. ही चिठ्ठी पुढे चरित्रकारांच्या हाती लागली. हुशारीचा पुरावा म्हणून ती सगळीकडे दाखवली जाते. मला त्यातली ती खाडाखोड जास्त आवडते.

डॉक्टर व्हावे म्हणून घरच्यांनी त्याला सोळाव्या वर्षी बर्मिंगहॅमच्या रुग्णालयात उमेदवारीला पाठवले. तिथल्या औषधांचा माणसावर काय परिणाम होतो ते कळावे म्हणून पठ्ठ्याने ती वर्णानुक्रमे स्वतः चाखायला सुरुवात केली. इंग्रजी वर्णमालेतल्या तिसऱ्या अक्षरापर्यंत गाडी आली. तिथे क्रोटनचे तेल म्हणजे जमालगोट्याचे तेल आडवे आले आणि प्रयोग थांबला!

पुढे तो केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात गणित शिकायला गेला. आपल्याकडे रँग्लर परांजप्यांमुळे केंब्रिजची ती परीक्षा घराघरात माहीत झाली. मुरडीच्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी १८९९ साली त्या परीक्षेत विभागून पहिला क्रमांक मिळवला, तेव्हा महाराष्ट्रात केवढा आनंद झाला होता. गुणानुक्रमे लावलेल्या त्या यादीत आपलेही नाव वर असावे, असे तरुण गॉल्टनला फार वाटे. तिसऱ्या वर्षी मात्र अभ्यासाच्या ताणाने तो कोलमडला. डोके गरगरे, एकाच विचाराचा पिच्छा सुटेना. ती परीक्षा सोडून देऊन त्याने १८४४ साली साधी पदवी घेतली. त्याच वर्षी वडील वारले, भरपूर पैसा हाती आला आणि वैद्यकीचा नादही सुटला.

या घटनेला त्याच्या आयुष्यात फार महत्त्व आहे, असे मला वाटते. माणसांना एका रांगेत उभे करून पहिला कोण, शेवटचा कोण हे ठरवण्याचा ध्यास ज्याने जन्मभर घेतला, तो स्वतः त्या रांगेतून आजारपणामुळे बाहेर पडलेला होता.

मोजण्याचे वेड

काही वर्षे भटकंती आणि शिकार यांत गेली. मग १८५० साली तो नैर्ऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात गेला. दोन वर्षे बैलगाड्यांतून फिरून त्याने त्या अनोळखी मुलखाचे अक्षांश-रेखांश काटेकोरपणे टिपले. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला १८५३ साली सुवर्णपदक दिले. याच प्रवासात एका स्थानिक स्त्रीच्या देहाची मापे त्याने दुरून, सेक्स्टंट रोखून आणि त्रिकोणमिती लावून घेतली. तिला विचारावे असे त्याला वाटले नाही. हा किस्सा तो मोठ्या मिस्किलपणे सांगे. आज वाचताना हसू येत नाही.

त्याच वर्षी लुइझा बटलर हिच्याशी त्याचे लग्न झाले. ‘द आर्ट ऑफ ट्रॅव्हल’ हे प्रवाशांसाठी लिहिलेले त्याचे पुस्तक १८५५ साली आले आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. चहा उत्तम कसा होतो हे ठरवण्यासाठी किटलीत थर्मामीटर खुपसून त्याने प्रयोग केले होते. आपल्याकडच्या एखाद्या आजीने त्याला स्वयंपाकघरात पाऊल ठेवू दिले नसते!

मोजता येत नाही असे जगात काही नाही, यावर त्याची श्रद्धा होती. व्याख्यान कंटाळवाणे आहे की रंगतदार, हे तो श्रोत्यांची चुळबूळ मोजून ठरवी. खिशात कागद आणि टोचणी ठेवून, रस्त्यात दिसणाऱ्या स्त्रियांची सुंदर, मध्यम, कुरूप अशी नोंद करत त्याने ब्रिटनचा सौंदर्याचा नकाशा करायला घेतला होता. त्यात लंडन पहिले आले आणि अ‍ॅबर्डीन शेवटचे. राजघराण्यातल्या माणसांच्या दीर्घायुष्यासाठी देशभर रोज प्रार्थना होते, तर ती जास्त जगतात का, हेही त्याने १८७२ साली आकडे मांडून तपासले. ती जास्त जगत नव्हती. त्या लेखाने अर्थातच धर्मगुरू खवळले.

या वेडातून काही अस्सल सोनेही निघाले. वृत्तपत्रात छापलेला पहिला हवामानाचा नकाशा त्याने तयार केला. लंडनच्या ‘टाइम्स’ने तो १ एप्रिल १८७५ रोजी प्रसिद्ध केला. उंच आईबापांची मुले उंच असतात, पण सरासरीने आईबापांइतकी नाहीत, ती मधल्या उंचीकडे थोडी सरकतात, हे त्याने २०५ कुटुंबांतल्या ९२८ मुलामुलींच्या नोंदींवरून दाखवले. दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती प्रमाणात बदलतात ते एका आकड्यात सांगण्याची रीत त्याने १८८८ साली मांडली. आज औषधाची चाचणी असो की पिकाचा अंदाज, या रीतीवाचून पान हलत नाही.

बोटांच्या ठशांची कथा तर आपल्या देशातूनच सुरू होते. बंगालमधल्या विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ साली एका करारावर एका बंगाली कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेतला आणि पुढे वर्षानुवर्षे ठसे जमवले. ते गॉल्टनच्या हाती आले. प्रत्येकाचा ठसा वेगळा असतो आणि तो आयुष्यभर बदलत नाही, हे त्याने तपासून १८९२ साली पुस्तक लिहिले. हजारो ठशांतून हवा तो ठसा शोधण्याची सोयीची पद्धत कलकत्त्यात एडवर्ड हेन्रीच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बसवली आणि १८९७ मध्ये तिथे ठशांची कचेरी निघाली. स्कॉटलंड यार्डात ती पद्धत चार वर्षांनी पोचली. आपण आधार कार्डासाठी यंत्रावर बोट टेकवतो, तेव्हा या सर्वांचे थोडे ऋण फेडतो.

डोळा, मेंदू आणि बोट

आता मूळ विषयाकडे येते. प्रदर्शन संपल्यावर गॉल्टनने आपली प्रयोगशाळा जवळच्याच साऊथ केन्सिंग्टन संग्रहालयात हलवली आणि तिथे ती पुढे कित्येक वर्षे चालवली. तिथे एक नवे माप आले. खूण दिसताच किंवा आवाज ऐकताच माणसाचे बोट किती वेळात हलते, याचे माप. मानसशास्त्रात याला प्रतिक्रियाकाल म्हणतात.

हा काल शून्य नसतो, हे कळायलाही जगाला वेळ लागला. ग्रिनिच वेधशाळेत १७९६ साली किनेब्रुक नावाच्या सहायकाची नोकरी गेली. दुर्बिणीतल्या तारेवरून ग्रह-तारे सरकण्याची त्याची वेळ मुख्य ज्योतिर्विद मॅस्केलाइनच्या वेळेपेक्षा ०.८ सेकंदाने मागे पडे. तो कामचुकार आहे असा समज झाला. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने दाखवून दिले की असा फरक कोणत्याही दोन निष्णात माणसांत असतोच. बिचाऱ्या किनेब्रुकला त्याचा उपयोग झाला नाही. मग हेल्महोल्ट्झने १८५० साली बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश जाण्याचा वेग मोजला. तो सेकंदाला तीसेक मीटरच्या आतच भरला. विचार विजेच्या वेगाने धावतो, ही समजूत तिथे संपली.

गॉल्टनचे यंत्र साधे आणि सुबक होते. एक लंबक वर अडकवून ठेवायचा. तो सुटला की पाहणाऱ्याला खूण मिळे. पाहणाऱ्याने चटकन कळ दाबायची. कळ दाबली की लंबकाबरोबर चाललेला लवचीक दोरा चिमट्यात पकडला जाई आणि तो पट्टीवर कुठे थांबला ते वाचले की सेकंदाचे शंभरावे भाग मिळत. वीज नको, की घड्याळ नको.

दोन्ही प्रयोगशाळांतून मिळून सुमारे सतरा हजार माणसांच्या नोंदी जमल्या. डोळ्यांनी खूण पाहून कळ दाबायला त्या लोकांना सरासरी ०.१८ ते ०.१९ सेकंद लागत होते. बालपणापासून तारुण्यापर्यंत हा काल कमी होतो, पुढे वयाबरोबर हळूहळू वाढतो.

घरी करून बघायचे असेल तर यंत्राची गरज नाही. एकाने एक फुटाची पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवावी. दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि बोट न टेकवता धरावे. न सांगता पट्टी सोडायची आणि खालच्याने ती पकडायची. पट्टी १५ सेंटिमीटर घसरली तर सुमारे ०.१७५ सेकंद, २० सेंटिमीटर घसरली तर सुमारे ०.२० सेकंद. एकदा करून भागत नाही. दहा वेळा करावे आणि सरासरी काढावी, कारण एकाच माणसाची दहा मापेसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत.

आमच्या घरातला गॉल्टन

आमचा नातू आणि सोसायटीतली त्याची मित्रमंडळी व्हिडिओ गेम खेळतात. त्यांच्या तोंडी सदान्‌कदा मिलिसेकंद असतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. पडद्याचा रंग बदलला की कळ दाबायची, अशा चाचण्या संगणकावर आणि फोनवर मिळतात. त्यावरून कोण भारी हे ठरते. मे महिन्याच्या सुट्टीत स्पर्धेसाठी त्यांनी पाच जणांचा संघ काढायचे ठरवले आणि निवड या चाचणीवर केली. खालच्या मजल्यावरच्या एका मुलाचा आकडा २७० आला, इतरांचे दोनशेच्या आसपास होते. तो वगळला गेला. पोरगा दोन दिवस खाली खेळायलाही आला नाही. आपण मुळातच मंद आहोत, असे त्याने मनाशी धरले होते.

मी नातवाला विचारले की सगळ्यांनी एकाच यंत्रावर चाचणी दिली का. तशी दिली नव्हती. त्या मुलाने वडिलांच्या जुन्या फोनवर दिली होती. मग मी सगळ्यांना घरी बोलावले, फुटपट्टी काढली आणि प्रत्येकाचे दहा-दहा झेल मोजले. त्यानंतर एकाच संगणकावर पुन्हा चाचणी झाली. त्या मुलाचा आकडा इतरांच्या घोळक्यातच येऊन बसला. आजी, म्हणजे फोन मंद होता, असा निष्कर्ष त्यानेच हसत जाहीर केला.

यात नवल काही नाही. नेहमीचा पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवतो, म्हणजे एका चित्राला सुमारे १७ मिलिसेकंद लागतात. कळ दाबल्याची वर्दी संगणकाला पोचायला, पडदा उजळायला आणखी वेळ जातो. या सगळ्यांची बेरीज यंत्रागणिक कित्येक मिलिसेकंदांनी बदलते. माणूस मोजतो आहोत असे आपल्याला वाटते आणि आकड्यात यंत्रही मिसळलेले असते.

हाच घोळ मोठ्या माणसांनीही घातला आहे. गॉल्टनच्या नोंदींशी आजची मापे ताडून बघितली तर आजची माणसे थोडी हळू भरतात. त्यावरून २०१३ साली एका शोधनिबंधात असा दावा केला गेला की व्हिक्टोरिया राणीच्या काळची माणसे आपल्यापेक्षा बुद्धिमान होती. केवढी खळबळ उडाली! इतर शास्त्रज्ञांनी लगेच शंका काढल्या. लंबकाचे यंत्र आणि संगणक यांची मापे एका पंक्तीला बसवता येतात का? हौसेने संग्रहालयात येणारे लंडनकर आणि आजच्या प्रयोगांतली माणसे सारखी धरायची का? वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण ज्या पायावर एवढी इमारत उभी केली तो पाया काही मिलिसेकंदांचा आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

मग हे माप निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटल्यावर अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळात फलंदाजापाशी येतो; त्यातले ०.२ सेकंद नुसते हलायलाच गेले तर उरले किती? म्हणून चांगला फलंदाज चेंडू सुटायच्या आधीच गोलंदाजाच्या मनगटावरून अंदाज बांधतो. धावण्याच्या शर्यतीत पिस्तुलाच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत पाऊल उचलले तर ती चूक धरतात, कारण आवाज ऐकून इतक्या लवकर निघता येत नाही असे मानले आहे. व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचाही अभ्यास झाला आहे. वेगवान गेम खेळणाऱ्यांचे लक्ष अधिक ठिकाणी एकदम पोचते, असे ‘नेचर’मध्ये २००३ साली आलेल्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसले. खेळात जिंकायला मात्र नुसते बोट पुरत नाही. पुढे काय होणार याचा अंदाज, सवंगड्यांशी मेळ आणि हरताना डोके शांत ठेवणे, हेही लागते.

मापातून निघालेले विष

गॉल्टनला या मापांतून काय हवे होते? बाहेरच्या जगाची सगळी खबर इंद्रियांतून आत येते, तेव्हा ज्याची इंद्रिये तल्लख त्याची बुद्धी तल्लख, असे त्याचे म्हणणे. ‘हेरिडिटरी जीनियस’ या १८६९ च्या ग्रंथात त्याने न्यायाधीश, सेनापती, शास्त्रज्ञ, केंब्रिजचे रँग्लर यांची घराणी तपासून बुद्धी रक्तातून येते असा सिद्धान्त मांडला होता. न्यायाधीशाच्या मुलाला शाळा, ओळखी आणि पैसा हेही वारशात मिळते, याकडे त्याने फारसे लक्ष दिले नाही. माणसांच्या वंशांनाही त्याने त्याच शिडीवर पायऱ्या देऊन टाकल्या आणि आपला वंश वर ठेवून आफ्रिकेतल्या लोकांना खाली ढकलले.

तिथून पुढचे पाऊल त्याने १८८३ साली टाकले. घोडे आणि गुरे यांची पैदास निवडून सुधारता येते, तर माणसांची का नको? या विचाराला त्याने युजेनिक्स हे नाव दिले. मराठीत त्याला सुप्रजननशास्त्र म्हणतात. चांगल्या घराण्यांतल्या तरुणांनी लवकर लग्ने करावीत, भरपूर मुले होऊ द्यावीत, यावर त्याचा भर होता. सर्वांत खालच्या ठरलेल्यांनी मुले होऊ देऊ नयेत, हेही त्यात होतेच. त्याला आणि लुइझाला स्वतःला मूल झाले नाही. आयुष्याच्या अखेरीस, १९१० च्या सुमारास, त्याने एका आदर्श राज्याची कादंबरी लिहिली. त्या राज्यात परीक्षेत किती गुण मिळाले त्यावर कोणी लग्न करायचे ते ठरते. प्रकाशकाने ती नाकारली, नातलगांनी पुढे बरीच पाने नष्ट केली, थोडी उरली.

त्याला १९०९ साली सर ही पदवी मिळाली आणि १७ जानेवारी १९११ रोजी त्याचे निधन झाले. सुमारे ४५ हजार पौंड त्याने युजेनिक्सच्या अध्यासनासाठी लंडन विद्यापीठाला ठेवले. कार्ल पिअर्सन तिथे पहिला प्राध्यापक झाला.

पुढचा इतिहास कटू आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने १९०७ सालीच सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला होता. इतर राज्ये मागोमाग आली आणि काही दशकांत साठ हजारांहून अधिक माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. जर्मनीत नाझींनी १९३३ साली तसाच कायदा करून सुमारे चार लाख माणसांना निर्बीज केले आणि तिथून पाऊल गॅस चेंबरपर्यंत गेले. गॉल्टन हे बघायला नव्हता, हे खरे. त्याने कोणावर सुरी चालवली नाही. पण माणसाची किंमत एका आकड्यात सांगता येते आणि त्या आकड्यावरून त्याचा हक्क ठरवावा, ही वाट त्याने आखून दिली. त्याचे नाव दिलेल्या व्याख्यानगृहाचे नाव लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०२० साली काढून टाकले.

मापानेच दिलेले उत्तर

या कथेला आणखी एक बाजू आहे. ती वाचकांना सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. गॉल्टनच्या दाव्यांना पहिले धक्के बसले ते त्याच्याच हत्यारांनी.

जेम्स कॅटेल हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लंडनमध्ये गॉल्टनच्या सहवासात आला होता. अमेरिकेत परतल्यावर त्याने कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थ्यांवर प्रतिक्रियाकालाच्या आणि तशाच इतर चाचण्या वर्षानुवर्षे घेतल्या. क्लार्क विस्लर या त्याच्याच विद्यार्थ्याने १९०१ साली ते आकडे घेतले आणि कॉलेजातल्या गुणांशी त्यांचा सहसंबंध काढला. म्हणजे गॉल्टनने घडवलेलाच तराजू वापरला. उत्तर जवळजवळ शून्य आले. ज्याचे बोट जलद तो अभ्यासातही पुढे, असे काही दिसेना. नंतरच्या अधिक काटेकोर अभ्यासांत थोडा संबंध आढळला आहे, पण त्यावरून एखाद्या मुलाचे भविष्य सांगावे इतका तो नक्कीच नाही.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या. तिथे मानववंश आणि युजेनिक्स यांचे संशोधन करणाऱ्या संस्थेत ऑइगेन फिशर हा त्यांचा मार्गदर्शक होता. याच माणसाच्या विचारांचा पुढे नाझींनी आधार घेतला. युरोपीय कवटीची ठेवण इतर वंशांपेक्षा वेगळी आहे आणि ते श्रेष्ठत्वाचे लक्षण आहे, अशा धर्तीचा त्याचा कयास होता. परक्या देशातल्या, विशीतल्या इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, आकडे मांडले आणि वंशावंशांत तसा फरक आढळत नाही, असे प्रबंधात लिहून दिले. गुरूला काय आवडेल, याचा विचार त्यांनी केला नाही. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्या कवट्यांच्या मापांसाठीही त्यांची आठवण ठेवायला हवी.

म्हणजे दोष मोजपट्टीचा नाही. प्लिमथच्या गुरांच्या प्रदर्शनात १९०६ साली एका बैलाचे वजन ओळखण्याची पैज लागली होती. सामान्य माणसांच्या गर्दीला कितीशी अक्कल असणार, असे मानणाऱ्या गॉल्टनने ७८७ चिठ्ठ्या मागवून घेतल्या आणि मधला अंदाज काढला. तो १,२०७ पौंड निघाला. खरे वजन १,१९८ पौंड होते. गर्दीचा अंदाज एका टक्क्याच्या आत बरोबर! पंच्याऐंशी वर्षांच्या त्या हट्टी म्हाताऱ्याने हे आपल्या मताविरुद्ध जाणारे उत्तर प्रामाणिकपणे छापून टाकले. आकड्यांपुढे नमते घ्यायची ताकद त्याच्यात होती. माणसांच्या शिडीबद्दल मात्र त्याने ती कधी दाखवली नाही.

म्हणून मला ती पाचव्या वर्षीची चिठ्ठी राहून राहून आठवते. आपण म्हटले तेवढे खरोखर येते का, अशी शंका त्या पोराला आली होती आणि त्याने स्वतः चाकू घेऊन नऊचा आकडा खरवडला होता. मोठेपणी जगभरच्या माणसांना कमी-अधिक ठरवताना तो चाकू त्याने एकदा जरी हातात घेतला असता, तर विज्ञानाचे काही बिघडले नसते आणि पुष्कळ माणसांचे आयुष्य वाचले असते.